दारातला नाका

हेमांगी माहेराहून परतली, तशी तिची बॅग दारातच अडली. जकात नाक्यावरचे साहेब म्हणून निवृत्त झालेले तिचे सासरे दादासाहेब दर वेळेसारखे चेन ओढून तिचे कपडे उपसू लागले. तेही पाहुण्यांसमोर! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तोंड काय पाडतेस, सूनबाई? चेक करणं म्हणजे संशय नव्हे. चेक करणं म्हणजे माया!"

"असं होय, मामंजी?" हेमांगीने शांतपणे मोबाइल काढला. "मग सुलूवन्संच्या सासऱ्यांना आत्ताच कळवते. म्हणावं, तुमच्या सुनेवरही अशीच माया करा. माहेराहून आली की दारातच बॅग उपसा."

"ठेव तो फोन!" लेकीचं नाव निघताच दादासाहेब ओरडले, आणि खाली बसून मुकाट्याने कपड्यांच्या घड्या घालू लागले.

त्या घरातला नाका त्या दिवशी कायमचा उठला.