दोन चमचे साखर

"मग चुकतंय कुठं, ते तरी सांगा!"

वैरागडे तिसऱ्यांदा विचारत होता. माय बिया भाजत होती. तिनं मान वर केली नाही.

चिखलदऱ्याच्या वरच्या अंगाला, कॉफीच्या मळ्याला लागून आमचा मठ आहे. मठ म्हणजे दोन खोल्या नि एक चूल. चुलीपाशी दुर्पदामाय बसते, मी लाकडं फोडतो. मायच्या हातची कॉफी एकदा प्यायला, की माणूस खाली जाऊन दहा जणांना सांगतो. मग ते दहा जण कृती विचारायला येतात. मला त्यांची भयंकर चीड आहे.

हा वैरागडे नागपूरचा, वीज खात्यात इंजिनिअर. आठ महिन्यांपूर्वी त्याला घरी कॉफी करण्याचा नाद लागला होता. आल्या आल्या त्यानं मायसमोर पिशवी उघडली. ग्रॅमचा काटा, हातानं फिरवायचं दळणयंत्र, लांब नळीची किटली, थर्मामीटर. चुलीपुढची माझी सारवलेली जागा त्यानं दुकान मांडून भरून टाकली.

"पंधरा ग्रॅम पूड, त्र्याण्णव डिग्री पाणी, तीन मिनिटं," तो म्हणाला. "एक आकडा इकडचा तिकडे होत नाही. तरी बायको पीत नाही!"

माय उलथणं फिरवत राहिली. तव्यावर बिया तडतडल्या.

"अहो, असं नाही हलवायचं. एका दिशेनं हलवा."

च्यायला! चाळीस वर्षं जी बाई याच तव्यावर बिया भाजते, तिला हा उलथणं धरायला शिकवत होता. मी कुऱ्हाड खाली ठेवली. हातात राहिली असती, तर काही खरं नव्हतं.

"बायको कुठी हाय तुही?" मायनं विचारलं.

"बाहेर. पायरीवर."

मी वाकून पाहिलं. पन्नाशीची बाई, मांडीवर बॅग, नजर रस्त्यावर.

"आत काहून नाई आली?"

वैरागड्यानं आवाज खाली आणला. "साडेअकराच्या बसनं भावाकडे चाललीय, परतवाड्याला. म्हणते, मी परत येणार नाही. मी म्हटलं, जाण्याआधी एकदा मायकडे चल. माझी कॉफी चांगली आहे, हे त्यांच्या तोंडून ऐक, मग जा. म्हणून आलो. तुम्ही फक्त तेवढं सांगा."

"कॉफीपायी घर सोडून चालली?"

"कॉफीपायी नाही हो... म्हणजे... तिला जिभेला वळण लावायचं नाही! मी सांगतो, साखर घालू नकोस, दूध घालू नकोस, आधी वास घे, तोंडात घोळव. ती ऐकतच नाही. शेजारच्या राऊतबाईंकडे जाऊन चहा पिते. स्वतःचं स्वयंपाकघर असताना!"

"तठी तुहं दुकान मांडलं असंन," माय म्हणाली.

"गुरुवारी तर कहर केला. एवढ्या कष्टानं केलेल्या कॉफीत तिनं माझ्यासमोर साखर ढवळली. दूध ओतलं. माझं डोकंच फिरलं. मी तो कप उचलला नि मोरीत ओतून दिला."

उलथणं थांबलं.

माय तव्याकडे पाहत राहिली. एका बाजूच्या बिया काळ्या पडायला लागल्या. माझ्या इथल्या बारा वर्षांत मायच्या हातून बी करपलेली मी पाहिली नव्हती.

"कर," ती म्हणाली.

"काय?"

"तुही कॉफी. कर."

वैरागड्याचा चेहरा खुलला. मायनं मागच्या आठवड्यात भाजलेल्या बियांचा डबा त्याच्यापुढे सरकवला. त्यानं वजन केलं, दळलं, पाण्यात थर्मामीटर बुडवला. पुडीवर थोडं पाणी सोडून ती फुगेपर्यंत घड्याळ पाहिलं, मग हळूहळू धार धरली. माणूस कितीही डोक्यात जावो, खोटं कशाला बोलू? वास असा सुटला, की मी आपसूक चुलीपाशी येऊन बसलो.

मायनं कप घेतला. एक घोट प्याली. दुसरा प्याली.

"चांगली हाय," ती म्हणाली. "माह्यापेक्षा चांगली हाय."

वैरागडे उभाच राहिला. "कुंदा! ऐकलंस? माय काय म्हणाल्या ते ऐकलंस का?"

मायनं कप तिरपा केला नि उरलेली सगळी कॉफी चुलीच्या राखेत ओतली.

फस्स झालं. राख उडाली, माझ्या नाकातोंडात गेली.

"अहो!" वैरागडे ओरडला. "हे काय केलंत? चांगली आहे म्हणता आणि ओतून देता? माणसानं एवढा जीव ओतून करायचं नि तुम्ही तोंडावर... ही काय पद्धत झाली? मठ आहे का काय आहे हा? मला अपमान करून घ्यायला बोलावलंत?"

"तुले कोनं बोलावलं बे?" माय म्हणाली.

त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. तेवढ्यात पायरीवरून आवाज आला. शांत नव्हता तो आवाज.

"गुरुवारी मलाही असंच वाटलं होतं."

माय राख सारखी करत होती. "लग्नाले किती वर्सं झाली?"

"सव्वीस," वैरागडे म्हणाला.

"साखर किती घेते थे?"

"साखर घालायचीच नसते, माय. मूळ चव—"

"म्या काय इचारलं?"

वैरागडे थर्मामीटर पुसायला लागला.

"पाण्याची डिग्री सांगतं. पुडीचं वजन सांगतं. बायकोची साखर सांग."

"एक... दीड चमचा असेल... मी कधी..."

तो दाराकडे पाहायला लागला. मग माझ्याकडे. मी कशाला मदत करू? मी तोंड फिरवलं.

"दोन," कुंदाबाई बाहेरून म्हणाल्या. आता त्या जवळजवळ ओरडतच होत्या. "दोन चमचे! आणि अर्धा कप दूध! सव्वीस वर्षं तेवढंच घेतेय. तुमच्या चहात आलं किती, भाजीला तिखट किती, गोळी जेवणाआधी की नंतर, मला सगळं पाठ आहे. आणि तुम्ही मला जीभ नाही म्हणता?"

खालच्या वळणावर बसचा हॉर्न वाजला.

पायरीवर बॅगची चेन ओढल्याचा आवाज झाला. मी सांगतो, त्या वेळी मला त्या माणसाची पहिल्यांदा कीव आली. हातात रिकामी किटली घेऊन तो मधोमध उभा होता. बाहेर जाऊन तिला थांबवावं, एवढंही त्याला सुचेना.

"माय... मी काय करू?"

"दूध तठी हाय."

तो धावला. फडताळातलं भांडं काढताना निम्मं दूध सांडलं, माझ्या सारवलेल्या जमिनीवर. मी शिवी गिळली. त्यानं भांडं चुलीवर ठेवलं, घाईघाईनं पूड दळली. वजन केलं नाही. पाणी तापलं तसं ओतलं.

हॉर्न पुन्हा वाजला, आता अगदी मठाखाली.

कॉफी गाळली. अर्धा कप भरला. साखरेचा डबा उघडेना. शेवटी दातांनी उघडला. दारात सावली पडली होती, पण त्याची पाठ तिकडे होती. चमचा हातात धरून तो मायकडे वळला. डोळ्यांत पाणी होतं.

"माय, लवकर सांगा... साखर आधी घालू की दूध आधी?"

मायनं चुलीतलं जळतं लाकूड उपसलं. वाटलं, आता याला हाणते.

"मले काय इचारतं रे गाढवा? पिणारी दारात उभी हाय!"