मेण्याचे भोई, गाडीचे बैल

कांबरगडच्या राजेसाहेबांनी हुकूम सोडला. उद्यापासून संस्थानात इंग्रजीचा एकच नियम चालेल आणि तो अनंत मास्तरांनी बसवायचा. नाही जमले तर नोकरी आणि घर सोडून चालते व्हायचे!

झाले होते असे. साहेबाच्या मेजवानीत राजेसाहेब ऐटीत म्हणाले, "लुक माय हॉर्स आफ्टर." मडमेला हसू आवरेना. मास्तरांनी मग समजावले, की ‘पुट ऑन’ या जोडीच्या मध्ये टोपी बसते, पण ‘लुक आफ्टर’, म्हणजे काळजी घेणे, या जोडीच्या मध्ये घोडा घुसवता येत नाही, तो मागेच ठेवावा लागतो. राजेसाहेब उखडले. कुठे मध्ये, कुठे मागे, हा काय पोरखेळ? यापुढे कोणत्याच जोडीच्या मध्ये काही यायचे नाही!

मास्तरीणबाईंना आठवा महिना लागला होता. मेण्याच्या भोयाची, केरबाची बायको हौसा रोज त्यांच्या डोक्याला तेल लावायला जाई. त्या रडत रडत भांडी बांधताना दिसल्या, तशी हौसाने गाठोडे सोडले, सगळी हकीकत ऐकून घेतली आणि घरी जाऊन नवऱ्याला काहीतरी सांगितले.

सकाळी राजेसाहेब देवीच्या दर्शनाला निघाले आणि मेण्यात बसले. दोन्ही भोयांनी शेजारी शेजारी उभे राहून पुढचाच दांडा उचलला. मागची बाजू जमिनीवरच राहिली. राजेसाहेब घसरत लोडावर गेले, पगडी मांडीत आली.

"केरबा, हे काय?"

केरबाने बाजूला उभ्या असलेल्या हौसाकडे पाहिले. हौसा पदर सावरून पुढे झाली.

"सरकारांचाच हुकूम. जोडीच्या मध्ये कुणी यायचं नाही."

"अगं, मेण्यात बसणारा मध्येच असतो!"

"मग सगळ्या जोड्यांना तोच नियम लावा. सासऱ्यांची बैलगाडी दाराशी आणलीय. सरकारांनी दोन बैलांच्या मधोमध जुवावर बसावं."

राजेसाहेबांनी बैलांकडे पाहिले. एक बैल जोरात फुरफुरला.

"गाडीत माणूस मागे बसतो," ते हळूच म्हणाले.

"हे सरकारांना कुणी पाठ करायला लावलं? बसून बसून कळलं. मास्तरांच्या जोड्याही तशाच कळतील. सवय व्हायला तेवढा वेळ द्या."

राजेसाहेब तिरक्या मेण्यातच पोट धरून हसले. हुकूम मागे घेतला आणि हौसाला काय हवे ते विचारले. तिने मेणा मागितला, एका खेपेपुरता.

मास्तरीणबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाल्या. पुढे केरबा, मागे त्याचा जोडीदार, मध्ये लोडाला टेकलेल्या बाई. आणि त्यांची काळजी घेत, धोतर सावरत, मास्तर मागून.