डावाने ढवळलेलं दही

एका गावात चर्च नवीनच सुरू झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मंडळी म्हणजे जेमतेम चार घरं. वेशीजवळच्या घरी पाळक एकदा जाऊन वचन सांगून आले होते, पण तिथून अजून कुणी फिरकलं नव्हतं. पाळकांच्या पत्नी एस्तेरबाईंनी शनिवारी दुपारी, दुसऱ्या दिवशीच्या प्रेमभोजनासाठी, म्हणजे उपासनेनंतरच्या पंगतीसाठी, पातेलंभर कोमट दूध घेतलं, त्यात चमचाभर विरजण घातलं, डावाने एकदा ढवळलं आणि "प्रभू, आता तुझ्या हाती" असं म्हणून झाकण ठेवलं.

डावाच्या जिवाला काही चैन पडेना. 'एवढ्या दुधाला एवढंसंच विरजण? उद्या पंगतीत नुसतं पाणी वाढायचं का?' त्याने झाकण सरकवून दूध ढवळलं. थोड्या वेळाने पुन्हा ढवळलं.

"अरे बाबा, मला बसू दे की जरा," आतून विरजण म्हणालं.

"मी हात लावतोय म्हणून तर काही होईल!"

"तू हात लावतोस म्हणूनच होत नाही. जरा धरायला लागलं की तू मोडतोस. तुझं ढवळायचं काम झालं. दही लावणारा वेगळा आहे."

"आणि तो विसरला तर?"

"आजवर कुठलं विरजण विसरलाय तो?"

डाव खिळ्याला जाऊन लटकला आणि झाकणाकडे बघत राहिला.

रविवारी उपासना झाल्यावर बाईंनी झाकण काढलं. दही असं घट्ट लागलेलं, की त्यात डाव सरळ उभाच राहिला.

"अहो, पानं वाढवा," पाळक दारातून म्हणाले. "वेशीजवळचं घर आलंय. सगळेच्या सगळे!"

"तुम्ही बोलावलंत?"

"छे! आपणहून आले."

मग डावाने त्यांनाही भरभरून वाढलं.