डोणीपुढे उभे राहिलेले गाढव

जनावरे बोलत आणि माणसे ऐकून घेत, अशा काळी एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या आवारात शिमोन नावाचे गाढव राहत असे. आपल्या पूर्वजाने प्रभूला पाठीवरून यरुशलेमेत नेले, या अभिमानापोटी त्याने जगातील प्रत्येक अन्यायाचे निवारण स्वतःकडे घेतले होते. सकाळी ते कावळ्यांचा तंटा सोडवण्यास निघे, वाटेत बैलांची कैफियत ऐके, ती अर्धवट टाकून मुंग्यांच्या बाजूने भाषण करी आणि सायंकाळी घसा बसवून परते. इकडे आवारातील एडका एका पोरक्या करडाला पाण्याच्या दगडी डोणीजवळ फिरकू देत नसे. करडू तहानेने सुकत चालले होते.

“शिमोनदादा,” मार्था कोंबडीने विचारले, “तुमच्या पूर्वजांनी त्या दिवशी वाटेत किती सभा घेतल्या?”

“एकही नाही. पाठीवर प्रभू असताना सभा कसल्या घेणार?”

“मग तुमच्या पाठीवर हल्ली कोण असते?”

गाढवाने मान वळवून नीट पाहिले. “मार्थाबाई,” ते खजील होऊन म्हणाले, “तिथे मीच बसलेलो दिसतो. इतके दिवस मी स्वतःचीच मिरवणूक काढत होतो.”

दुसऱ्या दिवशी ते कोठेही गेले नाही. डोणीपुढे आडवे उभे राहिले. एडक्याने धडक दिली.

“बाजूला हो, गाढवा.”

“तेवढेच मला जमत नाही,” गाढव म्हणाले. “आमच्या घराण्याचा हा दुर्गुण सर्वश्रुत आहे.”

एडका धडका देत राहिला, आणि करडू गाढवाच्या पोटाखालून वाकून पोटभर पाणी प्यायले.