बगळ्याच्या शाळेतला पहिला नंबर

एका तळ्याकाठी, पाण्यावर वाकलेल्या बाभळीवर एक सुगरण आपल्या एकुलत्या पिलाला घेऊन राहत असे. मुलांनो, सुगरण पक्ष्यांत घरटे विणतो तो नर. मादीला त्यातली एक गाठही मारता येत नाही. ह्या पिलाचा बाप विणकामात नावाजलेला होता, पण ऐन उमेदीत त्याला ससाण्याने उचलले. तेव्हापासून आईच्या मनाने एकच घेतले की, पोराने बापासारखा गवतात जन्म घालवायचा नाही, चार पक्ष्यांत नाव काढायचे.

त्याच तळ्यात एका बगळ्याने शाळा काढली होती. एका पायावर उभे राहायचे, हलायचे नाही, बोलायचे नाही, एवढेच तिथे शिकवीत आणि परीक्षाही त्याचीच घेत. पिलाचे लक्ष मात्र काठच्या गवतात. उभ्या उभ्या ते चोचीने पाते चिरी, त्याचा दोरा काढी आणि बोरूच्या काडीला वेडीवाकडी गाठ मारी. एकदा त्याने इवलासा झोका विणला आणि हरखून आईला दाखवायला आणला. बगळ्याची तक्रार तिच्या कानावर आधीच आली होती. तिने तो झोका तोडून पाण्यात टाकला आणि म्हणाली, “असले चाळे परीक्षेत विचारतात का?” पिलाने मान खाली घातली. त्यानंतर त्याने पात्याला चोच म्हणून लावली नाही. वर्षअखेर ते शाळेत पहिले आले आणि आईला आभाळ ठेंगणे झाले.

पुढे विणीचा हंगाम आला. मुलाने शेजाऱ्यांचे बघून पाती एकमेकांत खोचली. लांबून घरटे झकास दिसे. सुगरणींची जुनी रीत अशी की, मादीने आधी घरटे ओढून पाहायचे आणि टिकले तरच नांदायला यायचे. शेजारच्या म्हातारीने नव्या सुनेला तसे सुचवलेही, पण सासूच फणकारली. “आमच्या मुलाची परीक्षा झालेली आहे,” ती म्हणाली. सून बिचारी मुकाट्याने नांदायला आली. अंडी फुटली, घरट्यात चिवचिव सुरू झाली आणि आजीचा पाय जमिनीवर ठरेना.

एके दुपारी वावटळ उठली. बाभळीवरची सगळी घरटी झुलली, पण हे एक फांदीवरून सुटू लागले. आजीने निसटते पाते चोचीत गच्च धरले आणि दात नसलेल्या तोंडाने बोलावे तशी पुटपुटली, “गाठ मार, बाळा.”

मुलगा जवळ आला, पात्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मला गाठ येत नाही, आई. येऊ लागली होती, तेव्हा तू ती पाण्यात टाकलीस.”

पाते निसटले. खाली पाण्यात बगळा एका पायावर उभाच होता. त्याने मान वाकवली आणि चिवचिव थांबली. सून रडत दुसऱ्या झाडावर निघून गेली. आजीने हंबरडा फोडून मुलाकडे पाहिले, तर तो रिकाम्या फांदीवर एका पायावर उभा होता. तो हलत नव्हता आणि बोलतही नव्हता.

तात्पर्य : परीक्षेत विचारत नाहीत म्हणून मुलाच्या हातची कला काढून घेऊ नये, आयुष्य ती विचारते, तेव्हा ती कुठूनही आणून देता येत नाही.