ओला थर

त्या राज्यात वस्तू करायची म्हणजे कोरायची. दगड नाहीतर ओंडका आणायचा, नको तेवढे काढून टाकायचे, उरेल ती वस्तू. वस्तूपेक्षा चुराच जास्त पडे, पण त्यालाच सगळे कारागिरी म्हणत. या कामात सुतारपक्ष्याचा शब्द शेवटचा असे, आणि स्वारी स्वतःवर भलतीच खूश होती.

एकदा त्याच्याच कामावरून उडालेली कपची एका गोगलगायीच्या पाठीवर बसली आणि तिच्या कवचाचे तुकडे झाले. दोघी बहिणींतली ही थोरली. उघड्या पाठीची गोगलगाय उन्हाळा काढत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. धाकटी सुतारपक्ष्याकडे गेली आणि नवे कवच कोरून द्या म्हणाली. त्याने दगड बाहेरून छान गोल केला आणि थांबला. आतली वळणावळणाची पोकळी काही केल्या कोरता येईना. चोच आत वळतच नव्हती. "जे कोरता येत नाही ते असूच नये," असे म्हणून त्याने दगड टाकून दिला.

धाकटीने मग स्वतःचे बघितले. तिच्या अंगचा चिकट रस उन्हात वाळून कडक होत असे. किड्याने भोक पाडलेले एक पान तिने रसावर धरले. भोकातून उन्हाचा ठिपका पडला तेवढाच रस घट्ट झाला, बाकीचा ओला राहिला. पान हळूहळू सरकवले तेव्हा रेघ उमटली. रेघांचा एक थर, त्यावर पुन्हा रस, पुन्हा थर. काढायचे काहीच नाही, नुसते चढवायचे! पोकळी आपोआप राहत होती. तिने बोराएवढे कवच केले आणि सभेत नेऊन दाखवले.

सभा खो खो हसली. सभेचे मुख्य कासव होते. ते म्हणाले, "कवचाचा एवढा काय घोर? आमचे बघा, कधी फुटले नाही."

त्या राज्यात नवी गोष्ट दोनदा सांगावी लागे. एकदा सुचल्यावर, आणि पुन्हा पळस फुलल्याच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, सभेच्या दगडावर चढून. पहिले सांगणे पाण्यावरचे, दुसरे दगडावरचे, असे सगळे म्हणत. दुसऱ्यांदा सांगेल त्याची ती गोष्ट. जो येणार नाही त्याचे पहिले सांगणे वाहून गेले.

पळस फुलला तेव्हा थोरलीच्या अंगावर नवे कवच जवळजवळ चढले होते. माथ्यावरचे भगदाड तेवढे उरले होते, आणि त्याच्या कडेचा थर अजून ओला होता.

"जा गं बाई, तुला वाट लांबची," थोरली आतून म्हणाली. "थर कुठे पळून जातोय?"

"ओला थर टाकून कुणी उठतं का, आक्का? वाकडा बसला तर खालचं सगळं वाया."

तिची सगळी कला या एका सवयीवर उभी होती, आणि त्याच सवयीने तिचा घात केला. थर वाळल्यावर ती निघाली. गोगलगाय ती, धावून धावून किती धावणार! पोचली तेव्हा दिवस बुडाला होता.

पलीकडच्या खोऱ्यातला कोळी नुकताच जाळ्याच्या धाग्यावरून दगडाखाली उतरत होता. त्यानेही तेच सांगितले होते: धाग्यावर धागा, थरावर थर. त्याने चोरले नव्हते, हेच तर वाईट. चोर असता तर निदान चार शिव्या हासडता आल्या असत्या. त्याला ते मागाहून, पण स्वतःच्याच डोक्याने सुचले होते, आणि तो वेळेवर आला होता.

कासवाने मान बाहेर काढली. "आजपासून कोळ्याला विचारल्याशिवाय कुणी थरावर थर चढवायचा नाही." मान आत गेली.

धाकटीने कोळ्याचे पाय धरले. "एवढंसं भगदाड उरलंय हो. तेवढं बुजवू द्या. माझी बहीण वाळून मरेल."

कोळी सभ्य होता. "होईल की, बाई. आधी मोरांनी थराथराने करून मागितलेले तुरे होऊ देत."

तुरे काही संपेनात. ऊन चढत गेले. भगदाडावर पान ठेवले तर वाऱ्याने उडे, चिखल लावला तर दुपारी तडकून पडे, आणि अर्ध्या कवचाच्या ओझ्याखाली थोरलीला जागचे हलता येत नव्हते. सुतारपक्ष्याला आता कोरण्याचे काम कुणी देईना, म्हणून कोळ्याने त्याला थर तपासायला ठेवून घेतले. रोज सकाळी येऊन तो भगदाड तेवढेच आहे ना, हे बघून जाई. थोरली आधी पाणी मागे, मग नुसती कण्हू लागली. धाकटी रडली, उन्हाला शिव्याशाप दिले. त्याने काय होणार होते?

मग एके दिवशी ती बहिणीच्या कवचावर चढली, स्वतःच्या कवचातून निघता येईल तेवढी बाहेर आली आणि भगदाडावर पसरली.

"सावली आली गं," आतून आवाज आला.

"असू दे, आक्का. नीज तू."

दिवसभर ऊन तिच्यावर पडत राहिले.

सकाळी सुतारपक्षी आला तेव्हा भगदाड नव्हते. त्याने चोचीने ठोकून पाहिले, खडखडीत लागले. आत कुणीतरी अजून श्वास घेत होते. वरच्या धाकटीला त्याने ओळखले, क्षणभर मान तिरकी करून बघितले. मग "वाढीव थर," असे मोठ्याने म्हणून तो काढायला लागला.