मोराचा वर्ग आणि पळसाचं पान

एका जंगलाच्या कडेला, जिथे माळ सुरू होतो तिथे, एक सशीण राहत असे. तिचं एकच पिल्लू, तेही मागच्या पायाने अधू. माळावर गरुडाची फेरी असे. सावली दिसली की गवतात दबायचं आणि मान वर करायची नाही, एवढंच सशीण त्याला रोज दुपारी शिकवी.

त्याच माळावर एका मोराचा वर्ग भरे. घारीच्या सावलीला दुभंगलेलं शेपूट, गरुडाच्या सावलीला रुंद पंख, असं तो पिल्लांकडून घोकून घेई. "माझ्याकडची दहातली नऊ पिल्लं जगतात," असं तो सांगे, आणि ते खोटं नव्हतं, पोरांनो. पण वर्गात घेण्याआधी तो प्रत्येक पिल्लाला एका ओंडक्यावरून उडी मारायला लावी. सशिणीचं पिल्लू तीनदा आपटलं. ती पाया पडली, तेव्हा कुठे मोराने त्याला घेतलं. घरचं दुपारचं शिकणं बंद झालं.

हे एका म्हाताऱ्या साळूला खटकलं. काटे फुलवूनच बोलायची तिची रीत. "मोरा, तुझ्याकडे न येणारी किती जगतात रे?"

"ती मी कशाला मोजू?"

"मग तुझ्या नऊंचं काय घेऊन बसलास? ओंडका ओलांडणारी पिल्लं तशीही जगली असती. आधी असं धरून चाल, की तुझ्या वर्गाने काहीच फरक पडत नाही. मग पिल्लांच्या जोड्या लाव आणि पळसाचं पान टाक. सुलटं पडलं तर जोडीतलं पहिलं वर्गात, उलटं पडलं तर दुसरं. राहिलेलं घरी. शेवटी दोन्हीकडची मोज. फरक मोठा निघाला तर मी तुझी माफी मागेन."

"चार आयांसमोर माझी परीक्षा घेतेस?" मोर म्हणाला. आयाही त्याच्याच बाजूच्या.

"साळूबाई, तुम्ही कुठे शिकलात हो?" एकीने टोमणा मारला.

"कुठेच नाही. म्हणून विचारायची लाज वाटत नाही."

सशीण मान खाली घालून गप्प राहिली. एवढ्या मिनतवारीने मिळालेली जागा जाईल, असं तिला वाटलं.

सशिणीचं पिल्लू वर्गात जाऊ लागल्याला आठ दिवस झाले, तेव्हा माळावर सावली पडली. तिचं शेपूट नीट दिसेना, म्हणून पिल्लाने मान वर केली. गरुडच होता.

पुढच्या मोसमात सशीण स्वतः सगळ्या आयांकडे फिरली आणि त्यांना राजी केलं. पान टाकून वीस पिल्लं वर्गात गेली, वीस घरी राहिली. मोसम संपला तेव्हा वर्गातली सतरा उरली होती, घरची सोळा.

"एक जास्त," मोर म्हणाला.

साळूने त्याच्यासमोर तेच पान वीसदा टाकलं. अकरा वेळा सुलटं पडलं. पुन्हा वीसदा टाकलं, तर आठ वेळा. "याला कुणी शिकवलं होतं? नुसत्या योगायोगाने तिनाचा फरक पडतो, तिथे तुझ्या एकावर कुणी आपलं पिल्लू सोपवायचं?"

मोराने पिसारा मिटला. तो लबाड नव्हता. त्याने कधी मोजलंच नव्हतं.

"साळूबाई," सशिणीने विचारलं, "मग माझं पिल्लू वर्गामुळे गेलं का?"

साळूचे काटे खाली बसले. "ते एकट्या पिल्लावरून सांगता येत नाही, बाई. घरी असतं तरी कदाचित गेलं असतं."

"घरी असतं तर त्या आठ दुपारी माझ्याजवळ असतं," सशीण म्हणाली.

आता माळावरच्या आया आपापल्या पिल्लांना स्वतःच दबायला शिकवतात. सशीणही दुपार झाली की गवतात दबून बसते. शेजारी एक लहानसा खळगा मोकळा ठेवते.

तात्पर्य : शिकून जगलेली दाखवून कुणी आपल्या शिकवणीची थोरवी सांगितली, तर न शिकता किती जगली हे विचारा, आणि विचारायचं ते पिल्लू जवळ असतानाच विचारा.